हत्तीच्या सोंडेतलं चुंबक

शैला, तू गेलीस हे मला अजून पटत नाही, असं वाक्य लिहून खोडलं. खोटं कशाला लिहायचं? तू गेलीस हे पटलंय. पटलं नाही ते वेगळंच आहे. मंगळवारी फोनवर तू म्हणालीस, "थोडी अॅसिडिटी आहे गं, दो दिन में ठीक हो जाएगा," आणि गुरुवारी दुपारी गौरीचा फोन आला. मी तिला पहिला प्रश्न काय विचारला असेल? डॉक्टरकडे कधी गेली होती? ती पोर रडत रडत म्हणाली, "मावशी, दो महीने से चल रहा था. आईनं सांगितलं होतं, मंदाला नको सांगू, ती डॉक्टरचीच तपासणी घेईल." मला आधी राग आला. रडू बऱ्याच उशिरा आलं, तेही स्वयंपाकघरात, कुणी नसताना.

म्हणजे तुला माहीत होतं आणि तू मूग गिळून बसलीस. तुझी ही सवय जुनीच. ती किती जुनी आहे ते मला नुकतंच कळलं, म्हणून हा कागद घेऊन बसले आहे.

तू म्हणशील, मंदे, तुझा स्वभावच संशयी. आहेच. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बिघाड शोधले. तिथं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की तक्रार करणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, लाइनमनवर ठेवायचा नाही आणि वायरवर तर मुळीच नाही. सगळं दोनदा तपासायचं. ही नोकरी संपली, सवय राहिली. दूधवाल्याच्या मापापासून तुझ्या हसण्यापर्यंत मी सगळं तपासत आले. तू मात्र पॉलिटेक्निकात मुलींना वर्कशॉप शिकवायचीस आणि तुझं म्हणणं उलटं. "मुली चुकणारच, त्यांना आधी करू दे, मग बघू." आपली मैत्री कशी झाली याचंच मला नवल वाटतं. बहुतेक इथल्या, ग्वाल्हेरच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात झाली. माइक बंद पडला आणि आपण दोघी एकाच वेळी उठलो. मी म्हणाले वायर तुटली असेल, तू म्हणालीस बटण बंद असेल. बटण बंद होतं.

तेराव्यानंतर चौथ्या दिवशी गौरी आली. सिटी सेंटरहून ऑफिस सुटल्यावर थेट माझ्याकडे. एका हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणि दुसऱ्या हातात जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट. माझ्या मनात पाल चुकचुकली. इतक्या लवकर घर आवरायला कोण काढतं? आईच्या वस्तू अशा दारोदार कोण वाटतं? मी विचारलंही तसं. गौरी म्हणाली, "मैं नहीं दे रही, मावशी. आईनंच सांगून ठेवलं होतं. बोली थी, ये मंदा को देना, और कुछ बोलना मत. वो मेरा बोला हुआ मानेगी नहीं, खुद चेक करेगी."

डबा मी तिच्यादेखत उघडला नाही. साडी मात्र सोडली. आत सोंड होती. आपल्या हत्तीची.

तिला पाहिल्यावर नऊ वर्षांपूर्वीचा तो सबंध दिवस माझ्या अंगावर आला. तुलाही आठवत असेल, पण तुझं आठवणं आणि माझं आठवणं यांत फरक आहे, म्हणून मी माझं सांगते.

मंडळाच्या गणपतीची झांकी, म्हणजे देखावा, तोपर्यंत पुरुषमंडळी करत. थर्माकोलचा किल्ला, फिरणारं चक्र, बस्स. आपण दोघींनी वसंतरावांच्या मागे लागून तीन वर्षांत ती आपल्या हातात घेतली. सेक्रेटरी वसंतराव, तेव्हाही सेक्रेटरी आणि आजही सेक्रेटरी, सभेत म्हणाले होते, "बायांच्या हातात वायरी द्यायच्या म्हणजे जरा रिस्कच." सगळे हसले होते. तूही हसलीस. मी ते वाक्य लक्षात ठेवलं.

त्या वर्षी हत्ती ठरला. किल्ल्याच्या दरवाजातून हत्तीनं मान काढायची, सोंड वर उचलायची आणि सोंडेतला हार गणपतीच्या गळ्यापर्यंत न्यायचा. लाकडाच्या तुकड्यांची सोंड तू केलीस. एकेक तुकडा घासून, मधून दाल बाजारातला पोती शिवायचा दोरा ओवून. मोटर दोरा ओढणार आणि सोंड उठणार. ते काम तुझं. सोंड कुठवर आली हे ओळखायचं काम माझं, कारण मोटरीला अक्कल नसते. ती आपली फिरत राहते. सोंड गणपतीच्या गळ्यापर्यंत पोचली, आता थांब, हे तिला कुणीतरी सांगावं लागतं.

तिथंच आपलं भांडण झालं. तुझं म्हणणं होतं, वर एक खटक्याचं बटण लाव, सोंड त्याला टेकली की मोटर बंद. साधं, डोळ्यांना दिसणारं. माझं म्हणणं, टेकून टेकून बटण झिजतं, अडकतं, ऐन वेळी दगा देतं. त्यापेक्षा सोंडेच्या मुळाशी नखाएवढं चुंबक चिकटवू आणि हत्तीच्या कपाळात त्याला ओळखणारा सेन्सर बसवू. चुंबक समोर आलं की न शिवता त्याला कळेल. तू म्हणालीस, "अगं, न दिसणाऱ्या गोष्टीवर तू कधीपासून भरवसा ठेवायला लागलीस?" मी म्हणाले, "मोजता येतं त्यावर ठेवते." शेवटी माझं चाललं. तू हात झटकलेस आणि म्हणालीस, "ठीक आहे. तेरा चुंबक एक दिन धोखा देगा." हे वाक्यही मी लक्षात ठेवलं.

त्या सेन्सरची एक खोड होती. त्याला चुंबकाची एकच बाजू ओळखता यायची. उलटं लावलं तर चुंबक असून नसल्यासारखं. आणि त्या चकत्या दोन्हीकडून सारख्या दिसतात. टोपी बाजारातून पर्सच्या बटणाची चुंबकं आपण पुडीनं आणायचो, तेव्हापासून मी प्रत्येकावर नेलपॉलिशचा ठिपका देत आले. गौरीची सुकत आलेली लाल बाटली हत्यारांच्या ट्रेमध्येच पडलेली असायची. तीच वापरायची, मी आणि तूही.

देखाव्यांच्या स्पर्धेचे परीक्षक यायचे होते त्या दिवशी मी बाराच्या सुमाराला मंडपात गेले. लाइट गेली होती. टॉर्चच्या उजेडात सोंड पाहिली तर चुंबक जागेवर नाही! सुटून सांगाड्यातल्या खिळ्याला जाऊन चिकटलेलं. काढलं तर बोटांना काहीतरी चिकट लागलं. प्रसादाचे हात कुणीतरी लावले असणार, अशी मी मनातल्या मनात मंडळाच्या सगळ्या पोरांना शिवी घातली आणि चुंबक पदराला पुसलं. ठिपका बघितला. माझ्या पर्समध्ये झटपट चिकटणारा गोंद होता, त्यानं लावून टाकलं. लाइट नव्हती म्हणून चालवून पाहता आलं नाही. लाइट आली की पाहू म्हटलं, तर त्याआधीच वसंतरावांनी सोंडेवर हार चढवलेला. "मॅडम, अब मत हिलाओ, हार बिगड़ेगा." मीही म्हटलं, माझा हात, माझा ठिपका, त्यात काय तपासायचंय?

चारच्या सुमाराला मी पुन्हा आले तेव्हा तू पडद्यामागून बाहेर येत होतीस. लाइट अजून आली नव्हती. तू बोट ओढणीला पुसत होतीस. मी विचारलं, "काय करत होतीस गं?" तू म्हणालीस, "कुछ नहीं. हार बघायला गेले होते." तू माझ्या डोळ्यांत पाहिलं नाहीस. मी ते पाहिलं.

लाइट आली, आणि साताला परीक्षक आले. दरवाजा उघडला, हत्तीनं मान काढली, सोंड उठली. लोक टाळ्या वाजवत होते. सोंड गणपतीच्या गळ्यापर्यंत आली आणि थांबली नाही. वर, आणखी वर, मागे, थेट स्वतःच्या डोक्यावर. हार उडाला तो परीक्षकांच्या चहाच्या कपात. मग मुळाशी कडकन आवाज झाला आणि सोंड खाली पडली. मोटर फिरतच होती. पोरं तर हसून हसून लोळली. वसंतराव हसले नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि मला ते "जरा रिस्कच" पुन्हा ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मी माझा छोटा दिवा सोंडेजवळ धरला. चुंबकाची बरोबर बाजू समोर आली की तो पेटतो. पेटला नाही. मी ओरडले, "उलटं लावलंय!" आणि पुढे जे बोलले ते मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. "मी ठिपका बघून लावलं होतं. म्हणजे माझ्यानंतर कुणीतरी काढून उलटं चिकटवलं. चार वाजता पडद्यामागे कोण गेलं होतं, ते विचारा."

कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं, तेवढं पुरलं. तू खाली वाकलीस, सोंड उचललीस, ओढणीत गुंडाळलीस आणि म्हणालीस, "राहू दे आता. मैं घर ले जाती हूँ."

एवढंच. एका शब्दानं भांडली नाहीस. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं. खरी असती तर बोलली असती.

पुढच्या वर्षी झांकी आपल्याकडून गेली, भाड्यानं लायटिंग आणणाऱ्याकडे. तू मंडळाच्या स्टेजवर पुन्हा कधी चढली नाहीस. हळदीकुंकवाला मागच्या खुर्चीवर बसायचीस. वसंतरावांची सून एकदा माझ्यासमोर कुणाला तरी सांगत होती, "वो शैला काकू, जिन्होंने हाथी बिगाड़ा था." मी गप्प राहिले. मला तेव्हा वाटत होतं की ते खरंच आहे.

आपण बोलत राहिलो, हे नवलच. आठ महिन्यांनी तूच फोन केलास. गच्चीच्या टाकीत पाणी कुठवर आलं ते खाली कळायला पाहिजे, तरंगत्या डब्याला चुंबक लावू का, म्हणालीस. मी आले. मग टाकी झाली, टपालाच्या पेटीचं झाकण उघडलं की वाजणारी घंटी झाली, माझ्या नातवाच्या खेळण्यातल्या रेल्वेचं फाटक झालं. पण मनात खडा होता. तुझ्या प्रत्येक कामात मी पुन्हा तपासायचे. तुझी वायर मी ओढून बघायचे आणि तू बघत राहायचीस. एकदा तू ठिपके देत बसली होतीस, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तू अगदी माझ्यासारखी देतेस, प्रत्येक चकती आधी दिव्यावर धरून. मी टोमणा मारला, "माझी रीत चोरलीस वाटतं?" तू वर न बघता म्हणालीस, "चांगली वाटली, चोरली." मला वाटलं, चोर तो चोर, वर शिरजोर म्हणतात ते हेच. आधी माझं चुंबक बिघडवलं, आता माझीच रीत वापरते.

तुझ्या शोकसभेत वसंतराव बोलायला उभे राहिले. चार चांगल्या गोष्टी बोलले आणि मग म्हणाले, "आणि शैलाताईंचा तो हत्ती तर ग्वाल्हेर विसरणार नाही!" लोक हसले, तसं हसतात ना, रडता रडता. गौरीही हसली. तिला कुठे माहीत होतं! मी हसले नाही आणि बोललेही नाही. अजूनही मला वाटत होतं, खरंच तर आहे.

मग गौरी गेल्यावर मी डबा उघडला.

आत तीन पुड्या होत्या. एकीवर तुझ्या अक्षरात "जुनी", एकीवर "नवी" आणि तिसरीवर "हत्ती". चिठ्ठी नाही, काही नाही. मी डबा उलटा करून झटकला, तळाचा कागद काढून पाहिला. तू काही लिहिलं असशील असं मला का वाटलं, कोण जाणे.

आधी "हत्ती" सोडली. आत एका तुटलेल्या चुंबकाचे दोन तुकडे, त्यावर माझा ठिपका. माझा ठिपका मला ओळखू येतो, मी काडीच्या टोकानं देते, तू बाटलीच्या कुंचल्यानं. आणि एक अख्खं चुंबक, त्यावर कुंचल्याचा मोठा ठिपका. म्हणजे तुझा. मी ते खिडकीशी नेऊन भिंगाखाली धरलं.

त्याच्या दोन्ही बाजूंना गोंद होता, शैला. ठिपक्याच्या बाजूला पांढरी पापुद्र्यासारखी खपली, तो माझा झटपट गोंद. आणि ठिपका नसलेल्या बाजूला पिवळट, काचेसारखा पातळ थर. दोन नळ्यांतला कालवून लावायचा तुझा तो आवडता गोंद, जो सुकायला सबंध दिवस घेतो. आधी तू लावलं होतंस. नंतर मी.

मी तो दिवस पुन्हा सुरुवातीपासून मांडला, एक्स्चेंजमध्ये बिघाड मांडायचे तसा. सकाळी मी यायच्या आधी तू सोंड चालवून पाहिलीस. माझं चुंबक तुझ्या हातून तुटलं. मला सांगावं तर मी डोक्यावर घेईन, कारण चुंबकाला कुणी हात लावायचा नाही असा माझा हुकूम होता. म्हणून तू तुझ्या डब्यातलं एक लावलंस आणि गप्प राहिलीस. तुझा गोंद सुकला नव्हता, चुंबक घसरून खिळ्याला चिकटलं. माझ्या बोटांना लागलं ते प्रसादाचं नव्हतं. मी पदराला पुसला तो तुझा ओला गोंद होता. चारला तू अंधारात पडद्यामागे गेलीस ती गोंद सुकला का पाहायला. चाचपलंस, बोटाला जरा चिकट लागलं, पण चुंबक घट्ट. तुला वाटलं असेल, वा, काय गोंद आहे!

पण मग उलटं का लागलं? मी ठिपका पाहूनच लावलं होतं, हे मी देवासमोरही सांगेन.

मी "जुनी" सोडली. सगळी तुझ्या कुंचल्याची. एक चकती घेऊन दिव्यासमोर धरली, ठिपका दिव्याकडे. दिवा पेटला. दुसरी, तिसरी, सातवी. प्रत्येक वेळी ठिपका समोर, दिवा पेटतोय.

माझी रीत याच्या बरोबर उलटी. मी ठिपका मागच्या बाजूला देते, जिथं गोंद लागतो तिथं. ठिपका झाकला गेला म्हणजे बरोबर बसलं. तुझी रीत ठिपका समोर. दिसला म्हणजे बरोबर. एका बाटलीतून ठिपके दिले आपण इतकी वर्षं, आणि ठिपका कुठल्या बाजूला हे एकमेकींना कधी विचारलंच नाही. सेन्सर माझे, लाकूडकाम तुझं, तेव्हा गरजच पडली नाही. त्या दिवशी पडली. टॉर्चच्या उजेडात ठिपका काडीचा की कुंचल्याचा हे न पाहता तुझं चुंबक मी माझ्या रीतीनं लावलं.

हत्ती मी मोडला.

चहा निवून गेला. पहिल्यांदा काय वाटलं सांगू? लाज नाही वाटली. पहिल्यांदा पुन्हा संशयच आला. तुझाच. तू सोंड घरी नेलीस, चुंबक काढलंस, दोन्हीकडचा गोंद पाहिलास. तुला त्याच दिवशी कळलं असणार. मग बोलली का नाहीस? आपण सकाळी चुंबक बदललं हे कबूल करावं लागलं असतं, म्हणून स्वतःला वाचवायला गप्प बसलीस? की मी उघडी पडले असते म्हणून मला झाकलंस? की नऊ वर्षं मनातल्या मनात गंमत बघत होतीस, सगळ्यांना तपासणारी ही बाई स्वतःला एकदा तरी तपासते का ते? तिन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, तुझ्या गप्प बसण्यात नेहमी दोन-तीन पदर असायचे.

आणि मी भांडलेही तुझ्याशी, रिकाम्या खोलीत, मोठ्यानं. अगं, एक शब्द बोलली असतीस! मी चिडले असते, चार दिवस बोलले नसते, पण लोकांनी तुला हत्ती मोडणारी म्हटलं नसतं. स्वतःचं नाव असं कुणी वाळत घालतं का? म्हणे, वो मेरा बोला हुआ मानेगी नहीं. खरंय. नसतं मानलं. तू सांगितलं असतंस तर मी म्हणाले असते, आता सारवासारव करतेय.

"नवी" पुडी मी दुसऱ्या दिवशी सोडली. आधी धीर झाला नाही. त्यातही सगळे कुंचल्याचेच ठिपके, तुझेच. पहिली चकती दिव्यासमोर धरली, ठिपका समोर. दिवा पेटला नाही. उलटी केली, ठिपका मागे. पेटला. मी सगळ्या तपासल्या, एकूणएक. टाकीची, टपालाच्या पेटीची, रेल्वेच्या फाटकाची उरलेली. सगळ्यांवर ठिपका मागे, माझ्या रीतीनं.

हत्तीनंतर तू तुझी आयुष्यभराची रीत बदललीस. तुझ्या हाताला लागलेली, मुलींच्या किती बॅचना शिकवलेली. का, तर मंदाच्या हातात आपलं चुंबक पुन्हा कधी आलं तर ते उलटं लागू नये. आणि मी तुला चोर म्हणाले होते. तू वर न बघता म्हणालीस, "चांगली वाटली, चोरली."

माझं चुकलं, शैला. हे मी कुणाला म्हटल्याचं मला आठवत नाही, म्हणून अक्षर जरा वाकडं आलंय. माझं चुकलं. आणि तू मला सांभाळून घेतलंस, त्याबद्दल तुझे उपकार आहेत. फक्त मला रागही आहे, की ते सांगायला तू जागेवर नाहीस. तुला काय, तू नेहमीसारखी निसटलीस.

गेले दहा दिवस मी सोंड जोडते आहे. मुळाचा तुकडा नवा करावा लागला. माझं सुतारकाम तुझ्यासारखं नाही, जरा जाडा झालाय. गौरी रविवारी येऊन घासून गेली. तिनं विचारलं, "मावशी, इसमें हुआ क्या था, सच में?" मी म्हणाले, "सांगते, थोडं थांब." चुंबक मी "जुनी"तलं घेतलं. तुझ्या रीतीनं लावलं, ठिपका बाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. आणि वर ते खटक्याचं बटणही बसवलंय, तुझं. दोन्हीपैकी जे आधी सांगेल त्यावर मोटर थांबते. काल चौदा वेळा चालवून पाहिलं. चौदाही वेळा सोंड बरोबर गळ्याच्या उंचीला थांबली. आज सकाळी पंधराव्यांदा पाहिलं, मला राहवलं नाही.

गणपतीला तीन आठवडे आहेत. वसंतरावांना मी फोन केला, हत्ती परत आणते आहे म्हणून. ते म्हणाले, "शैलाताईंवाला?" मी म्हणाले, हो, त्यांचाच. येत्या रविवारी मंडळाची सभा आहे. तिथं उभं राहून काय बोलायचं ते मी लिहून ठेवलंय, फार नाही, तीनच वाक्यं. त्या दिवशी चुंबक मी उलटं लावलं. लावल्यावर तपासलं नाही. शैलाचं नाव मी फुकट घेतलं.

पोरं हसतील. वसंतराव तसे बघतील. बघू दे.

ते विचारतील, मग शैलाताई चार वाजता पडद्यामागे काय करत होत्या? मी उत्तर ठरवलंय. हार बघायला गेली होती, म्हणेन. सकाळी माझं चुंबक तुझ्या हातून तुटलं होतं आणि तू मला न विचारता दुसरं लावलं होतंस, हे मी कुणालाही सांगणार नाही. गौरीलाही नाही. हा कागद घडी करून "हत्ती"च्या पुडीत घालते आणि डब्याचं झाकण लावते. नऊ वर्षं तू झाकलंस. आता माझी पाळी.